आमचं ल्यूकनमधलं बँकॉक

पोर्चपर्यंत डब्लिनजवळचं ल्यूकन होतं आणि आतलं दार ढकललं की बँकॉक. पोर्चमध्ये ओले कोट, चिखलाचे बूट, सॅनिटायझरची बाटली आणि काचेपलीकडे फेब्रुवारी, म्हणजे समोरच्या एकसारख्या घरांवर तिरका पडत राहणारा तो चिकट आयरिश पाऊस. दार ढकललं की अंगावर गरम हवेचा लोट यायचा, चष्म्यावर वाफ धरायची, कानात रिक्षांचे हॉर्न घुसायचे, आणि हाफ पँट व फुलाफुलांचा शर्ट घातलेले माझे बाबा हात जोडून कमरेत वाकत म्हणायचे, "सवाद्दी ख्राप, मॅडम! वेलकम टू बँकॉक. आधी हात धुवा." मी फक्त कचऱ्याचा बिन बाहेर ठेवून आलेली असायचे, पण स्वागत दर वेळी पहिल्यासारखं व्हायचं. इतक्या वर्षांनी, आता मी त्या वेळच्या आजीपेक्षाही वयाने मोठी झाल्यावर, कुणी मला विचारलं की आयुष्यात सगळ्यांत जास्त कधी हसलीस, तर मी तोच आठवडा सांगते. विचारणाऱ्याला वाटतं म्हातारीचं काहीतरी फिरलं.

खरं बँकॉक आमच्या नशिबात तीनदा आलं आणि तीनदा गेलं. पहिल्यांदा ईस्टरच्या सुट्टीत ठरलं, मग ख्रिसमसला, मग या फेब्रुवारीच्या मिड-टर्मला. दर वेळी बाबा तिकिटं काढायचे, आई सनस्क्रीन आणायची, आणि विमान कंपनीचा नम्र ईमेल यायचा. माझ्या नातींना ते साथीचे दिवस समजावून सांगताना माझी दमछाक होते. "म्हणजे घराबाहेरच जायचं नाही?" जायचं, पण पाच किलोमीटरच्या आत. "मग सहावा किलोमीटर कुठे असायचा?" तिथेच असायचा ग, पण तिथे गार्डा, म्हणजे इथला पोलीस, उभा असायचा. शाळा लॅपटॉपमध्ये होती. आई बॉल्सब्रिजच्या एका ऑफिसात काम करायची, ते ऑफिस आता वरच्या बॉक्सरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर आलं होतं. एकटे बाबा तेवढे रोज गाडी काढून कामावर जायचे, कारण औषधांचे कारखाने बंद ठेवून चालणार नव्हतं.

बँकॉकच का, तर आजीला घरी पोहोचवण्यासाठी. बाबांची आई अमरावतीहून सहा महिन्यांसाठी म्हणून आमच्याकडे आली आणि इथेच अडकली. आजोबा तिकडे एकटे. ते जन्मभर शाळेत भूगोल शिकवत आले होते, जगातल्या सगळ्या नद्या त्यांना पाठ होत्या आणि स्वतः मात्र वर्ध्याच्या पलीकडे फारसे गेले नव्हते. बाबांनी बेत केला होता तो असा: आजोबांनी नागपूरहून निघायचं, आम्ही डब्लिनहून, आणि मधे बँकॉकला सगळ्यांनी भेटायचं. तिथे निवांत राहायचं, नदीत फिरायचं, बाजार पालथे घालायचे आणि शेवटी आजीने आजोबांचा हात धरून परत अमरावतीला जायचं. सगळं बंद व्हायला लागलं त्या मार्चमध्ये आजीला भारतात परत जाणाऱ्या विमानात एक जागा मिळतही होती. आजीने बॅग भरली, वर दोरी बांधली, आणि आजोबांना फोन लावला. आजोबा म्हणाले, "आता येऊ नको. तिथीच राय." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. आजीने बॅगेची दोरी सोडली नाही, ती तशीच जिन्याखाली सरकवून दिली, आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी अबोला धरला.

आमच्याकडचा अबोला म्हणजे न बोलणं नव्हे. उलट बोलणं दुप्पट व्हायचं, फक्त मधे एक माणूस लागायचा, आणि ते माणूस मी होते. रोज सकाळी आजोबांचा व्हिडिओ कॉल यायचा. फोनमध्ये त्यांचं कपाळ आणि वरचा फिरता पंखा दिसायचा, त्याखालचं काही कधी दिसलं नाही. मी फोन धरून सोफ्यावर, आणि आजी कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर, खिडकीपाशी. "त्यायले विचार, बीपीची गोळी घेतली का." मी विचारायचे. "तिले सांग, घेतली." मी सांगायचे. "त्यायले म्हण, रात्रीच्या भाकरीवर भागवू नका, ताजं करून खा." दोघांना एकमेकांचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत असायचा, तरी मी सांगितल्याशिवाय तो पोहोचला असं कुणी मानायचं नाही. त्यात माझं मराठी तेव्हा कानापुरतं होतं. समजायचं सगळं, पण तोंड उघडलं की ल्यूकनचं इंग्रजी बाहेर पडायचं. त्यामुळे आजीची काळजी आजोबांपर्यंत "शी सेज ईट प्रॉपरली, लाइक" अशी जायची. माझी त्या वेळची उत्तरं मी इथे बरीचशी मराठीत लिहिते आहे. ती तशी दिली असती तर बरं झालं असतं असं आता वाटतं. पण तेरा वर्षांच्या मुलीला दिवसभर टपाल वाहायला लावलं तर ती आणखी काय करणार? मला या नोकरीचा मनापासून कंटाळा आला होता.

तिसरा नम्र ईमेल आला त्या संध्याकाळी आई रडवेली झाली, आणि बाबा जेवता जेवता एकदम म्हणाले, "सुट्टी मंजूर झालीये माझी. मी ती वाया घालवणार नाही. आपण बँकॉकला चाललोय." आईला वाटलं कामाच्या ताणाने झालंय काहीतरी. पण बाबा व्हॅलिडेशन इंजिनियर होते. यंत्राने जे करायला हवं ते यंत्र खरोखर करतं का हे पुन्हा पुन्हा तपासायचं, आणि सिद्ध झालं तरी विश्वास ठेवायचा नाही, असं त्यांचं काम. त्यांनी बँकॉकला तसंच हाती घेतलं. तपमान किती, दमटपणा किती, आवाज किती, सगळ्याच्या वरच्या-खालच्या मर्यादा ठरल्या. हीटिंग शेवटच्या आकड्यावर गेलं. गॅसवर दोन पातेल्यांत पाणी उकळत ठेवलं. टीव्हीवर बँकॉकच्या रस्त्यांतून कुणीतरी कॅमेरा घेऊन चालल्याचे तासन्‌तास चालणारे व्हिडिओ लागले, आणि प्रत्येक खोलीत एकेक थर्मामीटर टांगला गेला. बाबा गळ्यात शिट्टी घालून फिरायचे, आणि पारा खाली आला की शिट्टी वाजवून ओरडायचे, "डेव्हिएशन! डेव्हिएशन! स्वयंपाकघराचं दार कोणी उघडं ठेवलं?" पहिल्याच दुपारी वाफेने स्मोक अलार्म वाजला. आजी पदराने वारा घालत म्हणाली, "हे बँकॉक नाई बापा, हे आपलं अमरावतीचं मे महिन्यातलं बसस्टँड आहे." पण तिने स्वेटर काढून ठेवला. आयर्लंडमध्ये पाऊल टाकल्यापासून मी तिला पहिल्यांदाच बिनस्वेटरची पाहत होते.

मग आम्ही जे शहर पाहायला निघालो त्याला तोड नाही. वरच्या तीन खोल्या म्हणजे हॉटेल. आई रिसेप्शनिस्ट आणि फार उद्धट. जिना म्हणजे स्कायट्रेन, त्यावर बसून एकेक पायरी घसरत उतरायचं आणि प्रत्येक पायरीला स्टेशनचं नाव पुकारायचं. बाथरूम म्हणजे नदी. बाबांच्या कॉम्प्युटरसमोरच्या चाकांच्या खुर्चीचं टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, झालं होतं, आणि आजी त्यात मांडी घालून बसली की बाबा तिला हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत इतक्या वेगाने नेत की ती "अबे सुधीर, पाडतं का मले!" असं ओरडायची आणि पोहोचल्यावर पुन्हा एकदा न्यायला सांगायची. देऊळ मात्र खरं होतं. आयरिश घरात पाण्याच्या गरम टाकीभोवती एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात, त्यात लोक टॉवेल ठेवतात. आजीने आल्या आल्या त्यातला वरचा कप्पा रिकामा करून तिथे देव मांडले होते, कारण या देशात देवांना उबदार राहील अशी ती एकच जागा तिला सापडली होती. बँकॉकमधलं पहिलं दर्शन तिथलं झालं. आम्ही रांगेत उभे राहून कपाटात डोकं घालून नमस्कार केला आणि प्रसादाला चणे-गूळ मिळाले.

खाण्याची गोष्ट वेगळीच झाली. आईला खरं थाई जेवण करायचं होतं आणि त्यासाठी क्लोनडॉकिनच्या बाजूला एक आशियाई दुकान होतं, आमच्या पाच किलोमीटरच्या अगदी काठावर. आम्ही चौघं गाडीने निघालो. आजीने मोठ्या काचांचा गॉगल लावला होता, आईने हॅट, आणि बाबांचा फुलांचा शर्ट कोटाच्या गळ्यातून डोकावत होता. गारा पडत होत्या. चौकात गार्डाने हात दाखवला, काच खाली करायला लावली आणि कुठे निघालात ते मास्कमधून विचारलं, "हाउ आर यिज, वेअर आर यिज ऑफ टू?" बाबांनी घसा साफ करून अत्यावश्यक किराणा असं काहीतरी सुरू केलं, तोवर मागून आजी खणखणीत आवाजात म्हणाली, "बँकॉक!" मला वाटलं आता सगळ्यांना तुरुंगात नेणार. गार्डाने वाकून गॉगलवाल्या आजीकडे पाहिलं, वर गारांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "ग्रँड. ब्रिंग अस बॅक अ बिट ऑफ सन." पुढच्या वळणावर बाबांना गाडी बाजूला घ्यावी लागली, कारण हसताना त्यांना रस्ता दिसेना. आजी मात्र गंभीर होती. तिचं म्हणणं, पोलिसासमोर खोटं काऊन बोलाचं?

दुकानात आई मोठ्या भक्तिभावाने एकेक वस्तू शोधत होती आणि आजी तिच्या मागून येऊन एकेकीचा पाणउतारा करत होती. चिंचेचा गोळा दिसला, "हे आपल्या घरी आहे." ताडाचा गूळ, "गूळच तं आहे." शेंगदाणे, नारळाचं दूध, कोथिंबीर, "आहे, आहे, आहे." शेवटी आईने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली लेमनग्रासची जुडी विजयाने वर धरली. आजीने ती नाकाशी नेली आणि तिच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की मी ते कधी विसरणार नाही. "पोरी, हा गवती चहा आहे! आपल्या मोरीमागं लावला होता." जुडीतला अर्धा भाग थाई करीमध्ये गेला आणि अर्धा त्या संध्याकाळी आल्यासोबत चहात उकळला, आणि घरभर असा वास सुटला की टीव्हीवरचं बँकॉक आणि मोरीमागची अमरावती वेगळी करता येईनात. आजी दोन कप चहा प्यायली आणि मग खिडकीतून बाहेर बघत बसली. त्या गवती चहाला पाणी कोण घालत असेल, हे तिला विचारायचं होतं, पण टपाल सकाळीच निघायचं.

बँकॉकमध्ये होड्यांतून भरतो तो पाण्यावरचा बाजार आमच्याकडे परसातल्या कुंपणापाशी भरायचा. शेजारच्या ब्रीडाबाई सत्तरीच्या पुढच्या, एकट्या, महिनोन्‌महिने घराबाहेर न पडलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला काचेतून उन्हाळी कपड्यांत पाहिलं आणि काळजीने फोन केला. आईने सगळं सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "अँड हू'ज डूइंग द मार्केट?" दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडे त्यांनी प्लॅस्टिकच्या टबात स्कोन, रुबार्बचा जॅम आणि लोकरीचे मोजे मांडले होते आणि डोक्यावर वेताची टोपली उपडी घातली होती. आजीने इकडून चकल्या आणि लिंबाचं लोणचं मांडलं. मग जी घासाघीस झाली ती ऐकायला रस्त्यावरून जाणारे थांबले. आजी वऱ्हाडीत, ब्रीडाबाई डब्लिनच्या इंग्रजीत, दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. "दोन चकल्या आन एक स्कोन? मले काय येडी समजली?" "आह, गो 'वे आउट ऑफ दॅट, मिसेस, मी पुअर आर्म इज ब्रोकन मेकिंग देम." मी भाषांतर करायला पुढे झाले तर दोघींनी मला हाताने बाजूला केलं. शेवटी दोघींनी सगळा माल एकमेकींना देऊन टाकला आणि दोघी आपणच जिंकलो या समाधानात आत गेल्या.

एवढं हसत होतो, तरी सकाळच्या कॉलवर बाबांचा चेहरा उतरायचा. अमरावती पुन्हा बंद झाली होती. बातम्यांत आमच्या गावाचं नाव पहिल्यांदा यायला लागलं होतं आणि ते काही चांगल्यासाठी नव्हतं. आजोबांकडे डबा देणाऱ्या बाईंचं येणं थांबलं होतं. "जेवले का?" विचारलं की कपाळ आणि पंखा म्हणायचे, "हाव, जेवलो." काय जेवलात, तर "जेवलो ना बापा." आजी खिडकीपाशी चुळबुळत बसायची. मग मला सांगायची, "त्यायले विचार, डाळ शिजवता येते का." येते, असं उत्तर यायचं. माझ्यासारख्या मुलीलाही कळत होतं की पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईने एकदा स्वतः तोंड उघडून रागावल्याशिवाय तो माणूस खरं सांगणार नाही. आणि आजी तोंड उघडणार नव्हती. तिच्या मते आधी आजोबांनी बोलायचं होतं. आजोबांच्या मते बायको समोर आली तर बोलणार ना. बाबांनी दोघांनाही समजावून पाहिलं होतं. त्या रात्री जेवताना आई म्हणाली, "बँकॉकला आजोबांना पण यायचं होतं ना? मग त्यांना बोलवा की."

दुसऱ्या दिवशी आजोबांचं विमान उतरलं. बाबांनी त्यांना फोनवर बारीक सूचना दिल्या होत्या: फोन हातात धरायचा नाही, समोरच्या कोनाड्यात माठाला टेकवून ठेवायचा आणि दहा पावलं मागे उभं राहायचं, म्हणजे विमानतळावर आल्यासारखं बॅगेसकट अख्खं माणूस दिसेल. इकडे चित्र मोबाइलवर नाही, सिटिंगरूमच्या मोठ्या टीव्हीवर. आई वरच्या जिन्यावरून नाक दाबून घोषणा करत होती. मी इमिग्रेशन अधिकारी झाले होते. आईचा काळा कोट, बाबांच्या कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात, पुढे इस्त्रीच्या टेबलाचं काउंटर आणि शिक्क्यासाठी कापलेला बटाटा. आजीला या भानगडीची काही कल्पना नव्हती असं नाही. ती नेहमीसारखी खिडकीपाशी, टीव्हीकडे पाठ करून, मटार सोलत बसली होती.

टीव्ही लागला आणि आजोबा अवतरले. तपकिरी सफारी, डोक्याला टोपी, हातात बाबांच्या मुंजीच्या वेळची असावी अशी सुटकेस. इतका हसरा चेहरा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. त्यांनी टीव्हीतून मला कडक नमस्कार ठोकला.

"पर्पज ऑफ व्हिजिट?" मी दरडावून विचारलं.

"वाइफ," आजोबा म्हणाले.

बाबा सोफ्यामागे तोंडात रुमाल कोंबून बसले होते. मटार सोलण्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"थायलंडचा नियम आहे," मी म्हटलं. हा नियम मला त्याच क्षणी सुचला. "ज्याला न्यायला माणूस आलं असेल त्यालाच आत सोडतो. तुम्हाला न्यायला कोण आलंय?"

आजोबांनी मान लांब करून माझ्या मागे पाहिलं. त्यांना सोफा दिसत असावा आणि रिकामी खोली. "आली असन कोणी तं," ते म्हणाले.

खिडकीपाशी आजीने घसा साफ केला. "रेवा, त्यायले सांग, उगाच ताटकळत उभं नका राहू."

मी बटाटा खाली ठेवला. अंगात काय संचारलं होतं कोण जाणे, पण इतक्या महिन्यांचा कंटाळा त्या काळ्या कोटाच्या खिशातून वर आला. "मॅडम," मी म्हटलं, "मी थायलंड सरकार आहे. मी कुणाचे निरोप सांगत नाही. तुम्हाला बोलायचं असेल तर काउंटरवर या आणि यांचं नाव सांगा."

हे मी काय मागितलं ते मला पुरतं माहीत होतं. आजीने आजोबांचं नाव आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. लग्नात, हळदीकुंकवात उखाण्यात गुंफून घेतलं असेल तेवढंच. एरवी "हे", "ते", "सुधीरचे बाबा". बँकेतल्या माणसाने विचारलं तरी ती माझ्याकडे बोट करून "ही सांगन" म्हणायची. तिने माझ्याकडे असं पाहिलं की एरवी मी जिना चढून पळाले असते. मग ती पुन्हा मटार सोलायला लागली. शेंग फोडायची, दाणे भांड्यात, साल मांडीवर. टीव्हीत आजोबा उभे होते. पंख्याची घरघर ऐकू येत होती. त्यांचं हसू हळूहळू कमी होत गेलं, पण ते खेळ मोडणारे नव्हते. "बरं साहेब," ते मला म्हणाले. "न्याले कोणी नाई आलं तं मंग वापस जा लागन." त्यांनी सुटकेस उचलली आणि पाठ फिरवून चालायला लागले.

सुटकेस उचलल्याचा आवाज झाला तशी आजी वळली. मला वाटतं ती फक्त एकदा चोरून पाहणार होती. पण टीव्ही मोठा होता आणि आजोबा पाठमोरे, पायापासून डोक्यापर्यंत अख्खे दिसत होते. सफारी खांद्यावरून हँगरला लावल्यासारखी लोंबत होती, आणि तिच्याखाली, पट्ट्याच्या जागी, पँट सुतळीने आवळून बांधलेली होती. मागे सुतळीची गाठ आणि दोन लांब टोकं.

मटाराचं भांडं खाली आपटलं. दाणे सोफ्याखाली, टेबलाखाली, बँकॉकभर पसरले.

"अहो!" आजी ओरडली. "पँट कायनं बांधली ती? सुतळीनं? माणूस आहे का पोतं?"

आजोबा जागच्या जागी थांबले. वळले. आजी आता माझ्या काउंटरसमोर, टीव्हीच्या अगदी पुढ्यात उभी होती. "किती वाळले हो! खाता काय तुमी? खरं सांगा मले. चहा-टोस्ट? दोन्ही टाइम चहा-टोस्ट? आन मले सांगता जेवलो! पाच डबे भरून ठेवून आली होती मी डाळीचे, कीड लागली असन त्यायले. ते सफारी कोणी घालाले सांगतलं, भुतासारखे दिसून रायले!" ती थांबेना. श्वास घ्यायला थांबली की पुन्हा सुरू. डाळीवरून कुकरवर, कुकरवरून शेजारच्या सुनेवर, तिथून मोरीमागच्या गवती चहावर. आजोबा सुटकेस धरून मान खाली घालून ऐकत होते, आणि टोपीखाली त्यांचा चेहरा हळूहळू उजळत चालला होता. मला इतकं हसू येत होतं आणि इतका आनंद झाला होता की मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली. बाबांकडे बघायची सोय नव्हती. ते रुमालाने डोळे पुसत होते.

आजीचा दम संपला तेव्हा आजोबांनी अदबीने मला विचारलं, "साहेब, आता आत येऊ का?"

"नाव नाही सांगितलं कुणी," मी म्हटलं.

"वसंत!" आजी म्हणाली, माझ्याकडे न बघताच. उखाणा नाही, राव नाही, काही नाही. "वसंत नाव आहे त्यायचं. माहा नवरा आहे. ठोक तो बटाटा."

मी ठोकला. टीव्हीच्या काचेवर निळ्या शाईचा डाग पडला. तो नंतर किती दिवस गेला नाही.

आजी खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसली. तिकडे आजोबांनीही खुर्ची ओढली आणि फोनच्या इतक्या जवळ येऊन बसले की पुन्हा कपाळच मोठं झालं. मग आजी म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात राग शोधूनही सापडला नसता, "त्या वक्ती विमानात जागा होती. मी बॅग भरली होती. तुमी म्हटलं, येऊ नको."

"हाव."

"काऊन म्हटलं?"

आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तवा विमानतळावर लोक अडकून पडले होते. कोण कुठी उतरन, कोणाले कुठी कोंडतीन, काई भरवसा नव्हता. मी ये म्हटलं असतं," ते म्हणाले, "तं तू आली असती."

आजीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"आली असती," ती म्हणाली. "पोहत आली असती."

मग तिला एकदम आम्ही आठवलो. ती मागे वळली. बाबा सोफ्यामागे गुडघ्यांवर, आई दारात, मी काउंटरवर हातात बटाटा घेऊन. "तुमी काय पाहून रायले इथं?" ती म्हणाली. "जा तिकडं. बँकॉक पाहून या."

आम्ही तिघं मटार चुकवत, पाय न वाजवता बाहेर आलो आणि बाबांनी दार ओढून घेतलं.